संडासातून आलेलं अजिंक्यपद

"हे जे काय चाललंय ना, ते अकरा खेळाडूंमुळे नाही. माझ्यामुळे!" एजिदिओ झांपिएरी छातीवर हात ठेवून सांगायचा, आणि १९८५ सालच्या त्या वसंतात अख्ख्या व्हेरोनात त्याला खोटं ठरवायची एकाची टाप नव्हती.

एजिदिओचा धंदा खुर्च्या-कोचांना गाद्या बसवण्याचा. पोट असं, की माणूस कोपऱ्यावरून वळायच्या आधी ते वळायचं. आदल्या सप्टेंबरात, हंगामाच्या पहिल्याच रविवारी, तो इनेसबाईंच्या बारमधल्या संडासात गेला आणि कडी अडकली. पूर्ण सामना आत! बाहेर आला तेव्हा व्हेरोनाने नापोलीला तीन गोल घालून लोळवलं होतं. पुढचे दोन रविवार गंमत म्हणून मित्रांनी त्याला पुन्हा आत बसवलं. दोन्ही सामने जिंकले! चौथ्या रविवारी तो सासुरवाडीला गेला, तर शून्य-शून्य.

झालं! गंमत संपली, धर्म सुरू झाला.

तेव्हापासून दर रविवारी इनेसबाई त्याला आत घालून बाहेरून कुलूप लावत. थंडीत आत शेगडी आली. एजिदिओने स्वतःच्या हाताने कमोडला निळी-पिवळी मखमली गादी शिवली. हंगामात संघ दोनदाच हरला. एकदा त्याने काडेपेटीसाठी दार किलकिलं करायला लावलं होतं, एकदा आत बसून शीळ घातली होती. दोन्ही वेळा पोस्टमन तुल्लिओ त्याच्याशी आठवडाभर बोलला नाही.

आणि आता मे उजाडला. बेर्गामोत नुसती बरोबरी केली तरी बस्स, 'ती गोष्ट' आपली! अजिंक्यपद हा शब्द गावात कोणी उच्चारत नव्हतं. नुसतं भुवया उडवून आकाशाकडे बघायचे.

पण एजिदिओच्या पोटात वेगळंच दुखत होतं. त्रेपन्न वर्षांचं आयुष्य या संघापायी झिजवलं, आणि तो क्षण आपण फरश्या मोजत काढायचा?

"इनेसबाई, आज एक दिवस मला बाहेर बसू द्या. कोपऱ्यात बसतो. श्वास पण घेणार नाही."

"हो का? आणि उद्या गावाला तोंड मी दाखवू?" इनेसबाईंनी किल्ली नाचवली. "चल, हो आत!"

"लेका, तुझ्या आईची शपथ आहे, हलू नकोस," तुल्लिओ म्हणाला, आणि जाता जाता प्रेमाने एक उशीही देऊन गेला.

कुलूप लागलं. एजिदिओने वर पाहिलं. मागच्या गल्लीत उघडणारी खिडकी! कोट काढला, पोट आत ओढलं, कमोडवर चढला आणि पाय आधी घालून, कण्हत-कुंथत, दहा मिनिटांत गल्लीत उतरला. खिशातला छोटा रेडिओ कानाला लावला. अहाहा! आठ महिन्यांनी बाहेरच्या हवेत सामना! जिंकायला संडास लागतो म्हणे! मूर्ख लेकाचे!

मध्यंतराला थोडाच वेळ होता. बेर्गामोच्या अटलांटा संघाने गोल मारला.

मूर्ख कोण, ते त्याला त्या क्षणी कळलं. बारमधून इनेसबाईंचा आवाज आला, "एजिदिओ! बसलायस ना रे?" दारावर धपाधप! "अहो, आत कोणी नाहीये! पळाला! पळाला मेला!"

एजिदिओने रेडिओ पट्ट्यात खोचला, गल्लीतल्या पेट्यांवर चढला आणि खिडकीत सूर मारला. डोकं गेलं. खांदे गेले. पोट आणि रेडिओ मात्र एकदम आले, आणि तिथेच बसले. कुलूप उघडून मंडळी आत घुसली, तेव्हा भिंतीतून शिकाऱ्याच्या दिवाणखान्यात टांगलेल्या रानडुकरासारखं त्याचं मुंडकं बाहेर आलेलं होतं.

"गद्दार!" तुल्लिओ ओरडला. "घाला त्याला आत!"

चौघांनी हात धरले. इनेसबाईंनी खिडकीच्या चौकटीत ऑलिव्हचं तेल ओतलं. "ओढा! अजून ओढा!" मध्यंतर संपलं, सामना पुन्हा सुरू झाला, तरी हा बोटभरसुद्धा हलेना.

आणि बारमधला रेडिओ किंचाळला. गोल! व्हेरोनाचा गोल! बरोबरी!

मग इनेसबाई हळूच म्हणाल्या, "सोडा त्याला. हात काढा. जसा आहे तसा राहू दे."

"अहो, माझ्या बरगड्या!"

"बरगड्या मेल्या दोन्ही बाजूंना डझनभर असतात! अजून चाळीस मिनिटं आहेत, हलशील तर याद राख!"

"निदान दार उघडं ठेवा! मला ऐकू तरी येऊ दे!"

तुल्लिओ विचारात पडला. "गोल झाला तेव्हा दार कसं होतं?"

"अर्धवट लोटलेलं," कोणीतरी म्हणालं.

"पण आठ महिने बंदच होतं की." थोडी चर्चा झाली. दार बंद झालं, कुलूपही लागलं.

पोटाखालचा रेडिओ काही बोलत होता, पण ते कानापर्यंत न येता नुसतं बेंबीत गुणगुणत होतं. एजिदिओ मखमली गादीकडे बघत घाम गाळत राहिला. मग अचानक बारमध्ये छप्पर उडाल्यासारखा आवाज झाला, खुर्च्या कोसळल्या, पावलं धावली, रस्त्यात गाड्यांचे भोंगे सुरू झाले. अख्खं गाव चौकाकडे पळालं. कुलूप उघडायचं कोणाच्याही ध्यानात राहिलं नाही.

गल्लीत मागून कोणीतरी चालत येत होतं.

"कोण आहे? सांगा हो, काय झालं?" तो भिंतीत ओरडला.

"एजिदिओ? तूच का रे बाळा?" म्हातारे फादर उबाल्दो त्याच्या पायांशी बोलत होते. "एक-एक! झालो आपण! अजिंक्य झालो!"

एजिदिओ ढसाढसा रडला. इतकी वर्षं थांबून ती बातमी अखेर आली, आणि तीही मागच्या बाजूने!

"फादर, आता ओढा मला!"

फादरनी दोन्ही बूट धरले. मग थांबले.

"बाळा... पुढच्या रविवारी आवेल्लिनोशी एक सामना उरलाय ना?"

"तो हरलो तरी काही बिघडत नाही, फादर! सगळं ठरलंय!"

"खरंय, खरंय," फादर म्हणाले. त्यांनी एक बूट प्रेमाने थोपटला. "पण उगीच देवाची परीक्षा कशाला बघा!" आणि त्यांची पावलं घंटा वाजवायला निघून गेली.

पुढचा आठवडा एजिदिओने कुठे आणि कसा काढला, ते विचारू नका. भल्या घरांत वाचायची गोष्ट आहे ही. एवढंच सांगतो, आवेल्लिनोला आपण चार गोल घातले.