पंचवीस घरांत तेरा गरीब हवेत

आर्डिथ कूलमानने बारा फॉर्म टेबलावर पसरले आणि कपाळाला हात लावला. गावात एकही माणूस गरीब नव्हता!

अमेरिकेतल्या नॉयफेल्ट गावच्या विहिरीत शेतांतलं खत झिरपलं होतं. हे पाणी तान्ह्या मुलांना देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावल्यापासून आर्डिथची लेक नातवाला घेऊन यायची बंद झाली होती. नव्या विहिरीचा खर्च सरकार द्यायला तयार होतं. अट एकच. पंचवीस घरांपैकी निदान तेरा घरांची वर्षाची कमाई साठ हजार डॉलरच्या आत हवी. फॉर्म खरं तर बंद पाकिटातून मागवायचे होते. पण पंचायतीने टपालखर्च वाचवला आणि आपल्या कारकूनबाईंना, म्हणजे आर्डिथलाच, दारोदार धाडलं. घोटाळा झाला तो तिथेच.

सरपंच डेल्मर फॉसच्या छपरावर तीन वर्षं निळी ताडपत्री होती. त्याने छाती फुगवून सांगितलं, "नव्वद हजार लिही."

"अरे, छप्पर गळतंय तुझं!"

"ते मला तसंच आवडतं. लिही तू."

आर्डिथच्या आधी हा आकडा पुढच्या घरी पोचला. तिथल्या लोरेनबाईंनी पंच्याण्णव सांगितले. त्यांच्या शेजाऱ्याने लाख सांगून वर चार हजार चढवले. दर रविवारी देवापुढे एका सुरात 'आम्ही पापी आहोत' म्हणणारी ही मंडळी. पण 'आम्ही गरीब आहोत' म्हणायला एकाचीही जीभ वळेना. देवाला पाप सांगितलं तर तो पदरात घेतो, शेजाऱ्याला कमाई सांगितली तर तो गावभर करतो, एवढं गणित सगळ्यांना पक्कं येत होतं.

"अजून तेरा घरं उरलीत की," डेल्मर म्हणाला. "ती अंड्यांच्या कारखान्याजवळची, ग्वाटेमालाहून कामाला आलेल्यांची."

"मागच्या शिरगणतीला त्यांना गावात धरू नका म्हणून कोण भांडलं होतं? गावाचा रंग बिघडतो म्हणत होतास ना?"

"तेव्हा विहिरीचा प्रश्न कुठे होता? आता धर. तेराच्या तेरा कंगाल असणार. देवच पावला म्हण!"

पावला तर होताच. जुन्या बारा घरांत मिळून एकोणीस माणसं उरली होती आणि त्यांतल्या सर्वांत तरुणाला परवाच कवळी बसली होती. गावात शाळेची बस अजून येत होती ती त्या तेरा घरांतल्या पोरांसाठी. पण हे उपकार कोणी बोलून दाखवत नसे.

आर्डिथ घरी भाजलेला सफरचंदाचा गोड 'ॲपल पाय' घेऊन तिकडे गेली. डेल्मर गाडीतच बसला, काच खाली करून. मातिल्दे अहानेल त्या वस्तीत सगळ्यांच्या वतीने बोलायची. तिने अंगणात खुर्ची दिली, हातात मक्याच्या पिठाचा, पानात उकडलेला गरम तमाल दिला आणि घराघरातून पगाराचे कागद मागवले. बारा घरं बरोब्बर साठच्या आत बसली. तेरावं तिचं स्वतःचं होतं.

"आम्ही चौघं कमावतो, ताई. नवरा, दोन मुलगे आणि मी. चौऱ्याऐंशी हजार."

आर्डिथचा घास तोंडातच राहिला. गाडीतून डेल्मर ओरडला, "अगं बाई, कमी लिही की! कोण बघायला बसलंय?"

"खाली सही माझी आहे, साहेब. आणि बघणारा बघतोच."

"काय लोक आहेत!" डेल्मर चरफडला. "अडीनडीला साधं खोटंसुद्धा बोलत नाहीत!"

आर्डिथने तेरा घरांची अट सांगितली, तेव्हा मातिल्देने बोटांवर मोजून पाहिलं. "पण एकच घर कमी पडतंय ना? तुमच्या बारांत एकसुद्धा गरीब नाही?"

तिने हे टोमणा म्हणून विचारलं नव्हतं, म्हणून तर ते जास्त लागलं. डेल्मर आभाळाकडे बघू लागला. आर्डिथने आधी आपल्या बुटांकडे पाहिलं, मग अंगणात नळाला तोंड लावलेल्या एका शेंबड्या पोराकडे. तिने गठ्ठ्यातून स्वतःचा फॉर्म काढला. त्यावर तिच्याच वळणदार अक्षरात एकाहत्तर हजार होते. ते खोडून तिने खरे होते ते बावीस लिहिले.

डेल्मर खिडकीतून अर्धा बाहेर आला. "बावीस? आर्डिथ, एवढ्यात भागतं तुझं?"

"तू गाडी सुरू कर."

विहीर मंजूर झाली. आर्डिथचं कौतुक करायला मात्र कोणी आलं नाही. सगळे आले ते सांत्वनाला. लोरेनबाईंनी नूडल्सचं झाकलेलं भांडं आणलं, कोणी जुना कोट आणला. डेल्मरने राजम्याचे चार डबे आणून दारात ठेवले आणि आवाज खाली आणून म्हणाला, "संकोच करू नकोस हं. आम्ही आहोत ना!"

आर्डिथने डबे आत घेतले. न घेऊन सांगते कोणाला? सरकारदरबारी आता नॉयफेल्टमधली एकुलती एक गरीब गोरी तीच होती.