आधी कान दाखवा

आमचे कर्णिक सर माणसाच्या तोंडाकडे बघून बोलत नाहीत, कानाकडे बघून बोलतात. अंबरनाथ पूर्वेच्या आमच्या शाळेत मी मराठी शिकवायला रुजू झाले, त्या पहिल्याच दिवशी भर स्टाफरूममध्ये ते मला म्हणाले, "बाई, तुमची पाळी सुटी आहे." सगळ्यांच्या माना खाली. मी लालबुंद. मग त्यांच्या लक्षात आलं आणि घाईघाईने म्हणाले, "कानाची हो. काही जणांची गालाला चिकटलेली असते."

आडनावातच कर्ण म्हटल्यावर दुसरं काय होणार, असं पोरं म्हणतात. उल्हासनगरला शर्टपीस घ्यायला गेले तरी सिंधी दुकानदाराला सांगतात, "साईं, भाव बाद में, पहले कान दिखाओ." तो बिचारा दाखवतोही.

विज्ञान शिकवतात मात्र झकास. अर्धसूत्री विभाजन म्हटलं की आठवीची पोरं जांभया द्यायला लागतात. सरांनी काय करावं? प्रयोगशाळेबाहेर काढून ठेवलेले सगळे बूट आत मागवले. प्रत्येक जोड फोडायचा, त्यातला एकच बूट घ्यायचा आणि तो दुसऱ्या कुणाच्या तरी एका बुटाशी जुळवायचा. "अर्धं आईचं, अर्धं बाबांचं. इथे वशिला चालत नाही." तेवढ्यात घंटा झाली आणि अख्खी आठवी ब एका पायात पाच नंबर, दुसऱ्यात सात नंबर घालून घरी गेली. पालकांचे फोन घ्यायला अर्थातच मी, वर्गशिक्षिका.

या वर्षी मात्र हसण्यावारी नेता येईना. घरच्यांचे कान बघून तक्ता करून आणा, असं सरांनी सांगितलं होतं. पालेगावच्या साक्षीच्या तक्त्यात आईची पाळी चिकटलेली, वडिलांचीही चिकटलेली आणि हिची सुटी. आईवडील दोघांची चिकटलेली तर मुलांचीही चिकटलेलीच, हा पुस्तकातला नियम पहिल्या बाकावरच्या वेदांतने लावला आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं, मग तू त्यांची नाहीसच. पोर घरी गेली ती चार दिवस शाळेत फिरकली नाही. पाचव्या दिवशी तिची आई आली. साक्षी धड जेवत नाही, घरात सासू संशयाने बघते, हे सांगताना तिला रडू आवरेना.

"सर, माजी पोर माजीच हाय. तुमीच सांगा तिला."

सर पांढरेफटक पडले. त्याच संध्याकाळी मला बरोबर घेऊन रिक्षाने पालेगावला निघाले. साक्षी दाराआड उभी. सरांनी घरातल्या सगळ्यांपुढे हात जोडले. "चूक माझी आहे. पुस्तकातला नियम समजण्यापुरता असतो. खरा कान इतका सरळ हिशेब पाळत नाही, त्यात बऱ्याच गोष्टींची सरमिसळ असते. साक्षी, तुझा कान बरोबर आहे. माझा धडा चुकला."

साक्षी जागची हलली नाही. मग सरांना सवय गप्प बसू देईना. आजीकडे वळून म्हणाले, "आधी कान दाखवा." म्हातारीने कुरकुरत डोक्यावरचा पदर मागे सारला. सुटी पाळी, हुबेहूब नातीची. "म्हंजी माजाच कान की," म्हणत तिने साक्षीला दाराआडून बाहेर ओढलं आणि जवळ घेतलं. मग स्वतः उठून चहा केला, पहिला कप सुनेला दिला.

येताना रिक्षात मी सरांची फिरकी घेतली, आता तरी लोकांचे कान सोडा म्हटलं. ते हसले नाहीत.

"आमची ईशा आम्ही संस्थेतून दत्तक आणली. अकरा महिन्यांची होती."

इतकी वर्षं शेजारच्या टेबलावर बसून मला हे माहीत नव्हतं. ईशाच्या कानापुढे जन्मापासूनच एक बारीकसं भोक आहे, टोचलेलं नव्हे, आणि तेही घराण्यात चालत येतं म्हणे. आठवीत असताना तिने सरांना विचारलं होतं, बाबा, हे मला कुणाचं आलं? वर्गभर पोरांना पटापट उत्तरं देणाऱ्या माणसाला ते एक उत्तर देता आलं नव्हतं.

"ती विसरलीसुद्धा. पुण्याला नोकरी करते, मजेत आहे. मीच आपला बघत असतो, तसं भोक कुणाच्या कानापुढे दिसतंय का."

स्टेशनजवळ रिक्षा थांबली. इथेच उतरणार का, असं विचारायला रिक्षावाला मागे वळला. सर त्याच्या कानाकडे बघत होते. या वेळी मीही बघितलं.