ओसरीवरची मुंबई

"तू एकटा जाय. सून अठीच राहीन," तुळशीरामनं निकाल दिला आणि तो पुन्हा वांगी निवडायला लागला.

त्यानं निकाल दिला म्हणजे विषय संपला, असा त्या घराचा शिरस्ता होता. अमडापुरात तुळशीरामच्या मळ्याला मान होता, त्याच्या वांग्यांना चिखलीच्या बाजारापर्यंत नाव होतं, आणि घरातलं पान त्याच्या शब्दाशिवाय हलत नव्हतं. निदान असं तो समजत होता. त्याची बायको रुक्मिणीबाई त्याला तसं समजू देत होती, एवढंच.

पण या खेपेला विषय संपेना. मुलगा इंद्रभान चिखलीच्या एका सरकारी कचेरीत कारकून होता. त्या माळ्याच्या घराण्यात शाईनं बोटं काळी करणारा पहिलाच. नवं महाराष्ट्र राज्य झालं, कारभार मुंबईकडे सरकला आणि त्या ओढीत इंद्रभानचीही बदली मुंबईला झाली. लग्नाला अजून वर्ष व्हायचं होतं. पाव्हण्यारावळ्यांनी भरलेल्या घरात बायकोशी दोन शब्द बोलायचे तर बिचाऱ्याला मळ्यात मोटेचा आवाज सुरू होण्याची वाट पाहावी लागे. आता तर बायको अमडापुरात आणि आपण मुंबईत, या विचारानंच त्याचा चेहरा उतरला होता.

"तिलेबी नेतो ना बाबा," तो म्हणाला.

"कशाच्या भरोशावर नेतं? तुह्या पगारात मुंबईत एक मानूस जगते का नाही, त्याचीच पंचाईत हाय. इचार उकंडदादाले."

उकंडराव हा तुळशीरामचा थोरला चुलतभाऊ. एकदा कुणाच्या तरी लग्नाच्या वऱ्हाडात घुसून तो मुंबई पाहून आला होता, आणि तेव्हापासून अमडापुरात मुंबईबद्दलचा शेवटचा शब्द त्याचाच असे. ओसरीच्या खांबाला टेकून तो सुपारी कातरत बसला होता.

"खोली म्हनजे आपल्या वासराच्या गोठ्याएवढी," अडकित्ता थांबवून तो म्हणाला. "त्यातच स्टो, त्यातच मोरी, त्यातच झोपनं. पानी पाहाटे येते, अन् तोंड धुवाच्या आत जाते. ज्याच्याजोळ मोटारगाडी हाय तो ऐटीत जाते, बाकीचे पाय घासत फिरतात. सायकल ठेवाले जागा नाही तठी! अन् भाजीचा भाव आयकून तं बाप्पा, मले उभ्या जागी घाम सुटला होता."

"आयकलं?" तुळशीराम मुलाला म्हणाला.

ऐकलं दुसऱ्याच कुणीतरी. स्वयंपाकघराच्या दाराआड बांगड्या वाजल्या. सून कौशल्या सासऱ्यासमोर कधी बोलली नव्हती. नाकापर्यंत पदर, आणि सांगायचं असेल ते सासूच्या, म्हणजे आत्याबाईंच्या कानात, ही घरची रीत. दाराआड कुजबुज झाली आणि रुक्मिणीबाईनं मान बाहेर काढली.

"सून म्हन्ते, अठीच राहून दाखवतो."

"अठीच म्हनजे?"

"वासराच्या गोठ्याएवढी जागा ओसरीवर आखून द्या म्हन्ते. येत्या बाजाराच्या दिवसापर्यंत दोघं त्यातच राह्यतो, मुंबईसारखे. निभलं तं मले संग जाऊ द्या. नाही निभलं तं नाव काढत नाही, म्हन्ते."

तुळशीरामला हसू आलं. मळ्यात मोकळ्या वाऱ्यावर वाढलेली पोर, संध्याकाळपर्यंतच कंटाळेल. "मंजूर!" तो म्हणाला. "पन मुंबई म्हनजे मुंबई. रेघेच्या आत या घरचं फुकट काहीच येनार नाही. कोनी फुकटचा एक घास खाल्ला, का सायकलले हात लावला, तं खेळ खतम. मंग सून अठीच."

कौशल्यानं रांगोळीनं खोली आखली. दाराएवढी फट सोडली, कोपऱ्यात तीन विटा मांडून मोरी केली, स्टो, ट्रंक आणि वळकटी आत नेली. रुक्मिणीबाईनं आपलं जुनं लुगडं दोन खांबांना बांधून भिंत करून दिली. त्या भिंतीआड इंद्रभान पहिल्यांदाच बायकोशी मोट सुरू नसताना बोलला, आणि ही परीक्षा बाजाराच्या पुढेही चालावी असं त्याला मनापासून वाटलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाणी आलं, म्हणजे उकंडराव आला. त्यानं हंड्यात बादलीभर पाणी ओतलं, दुसरी बादली ओतता ओतता मध्येच थांबला आणि "पानी गेलं!" असं ओरडून उरलेलं पाणी गुलाबाच्या झाडाला घालून मोकळा झाला. आपल्या हातात एक अख्खं शहर आल्याचा आनंद त्याच्या तोंडावर मावत नव्हता.

मग भाजीचा प्रश्न आला. तुळशीराम मळ्यातून टोपली घेऊन आला, तेव्हा रुक्मिणीबाई म्हणाली, "फुकट काही नाही म्हन्ता ना? मंग विका तिले."

"म्या विकाव? माह्याच सुनेले?"

"मुंबईत भाजी उडत येते का?"

उकंडरावानं तत्परतेनं मुंबईचा भाव सांगितला. तुळशीरामलाही गंमत वाटली. ओसरीच्या पायरीवर टोपली ठेवून त्यानं बाजारातली आरोळी दिली, "वांगेऽऽ घ्या वांगे!"

कौशल्या रेघेपाशी आली. पदराआडून तिनं सासूकडे पाहिलं. रुक्मिणीबाई मात्र तांदूळ निवडत शांतपणे म्हणाली, "माह्याकडे काय पाह्यतं? मी चिखली तालुक्यात राह्यतो. तू मुंबईत हायेस. भाजीवाल्याशी तुलेच बोलाव लागन. अन् भाजीवाला काही कोनाचा सासरा नसते."

कौशल्या क्षणभर घुटमळली. मग पदर नाकावरून कपाळावर गेला.

"कसे देल्ले?"

तुळशीराम दचकला. सुनेचा आवाज बारीक असेल अशी त्याची समजूत होती. हा आवाज मळ्याच्या या बांधावरून त्या बांधावर पोचणारा होता. त्यानं चाचरत भाव सांगितला.

"बाप्पा! सोन्याचे हायेत का?" कौशल्यानं एक वांगं उचलून उन्हाकडे धरलं. "हे पाहा, किडकं हाय."

"किडकं? अमडापुरात आजपर्यंत माह्या वांग्याले कोनी किडकं म्हनलं नाही!"

"अमडापुरात नसन म्हनलं. हे मुंबई हाय."

उकंडराव सुपारी गिळून बसला. तुळशीरामनं भाव थोडा खाली आणला. कौशल्यानं त्याच्या निम्मा सांगितला. तो नाही म्हणाला, तशी ती पाठ फिरवून चालायला लागली. खोली केवढीशी! दोन पावलांत भिंत आली, आणि ती लुगड्याकडे तोंड करून उभी राहिली. गिऱ्हाईक पाठ फिरवतं ते हाक ऐकायलाच, हे तुळशीराम उभ्या आयुष्यात बाजारात शिकला होता. तरीही त्याच्या तोंडून निघून गेलं, "बाई! ओ बाई! या, घेऊन जा."

वांगी अमडापूरच्या भावाहूनही स्वस्तात गेली. वर मूठभर मिरच्या आणि सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी तिनं हक्कानं उचलून घेतली, ती वेगळीच.

त्या दिवशी मळ्यात तुळशीराम आधी चिडला, मग वाफ्यात उभा राहून एकटाच हसला. दुसऱ्या दिवशी त्यानं टोपलीतलं एकेक वांगं धोतराच्या सोग्यानं पुसलं आणि वाटभर उत्तरं जुळवत आला. तरी हरला. तिसऱ्या खेपेला भेंडी आणली, कौशल्यानं एक भेंडी कटकन मोडून त्याच्या हातात ठेवली आणि म्हणाली, "पाहा, जून हाय." ती जून नव्हती, हे दोघांनाही ठाऊक होतं. असं भांडायला मिळालं की त्याला दोन भाकरी जास्त जायला लागल्या.

गल्लीतल्या बायका मात्र हंडे घेऊन हा तमाशा पाहायला थांबू लागल्या. सून सासऱ्याशी भांडते म्हणून आधी त्यांनी तोंडाला पदर लावले. पण भाव कुठवर उतरतो हे दिसल्यावर पदर सुटले आणि त्या पायरीशी येऊन म्हणू लागल्या, "कौशल्याले ज्या भावात देल्लं, त्याच भावात आमाले द्या!"

"अवो, तो मुंबईचा भाव हाय!"

"मंग आमीबी मुंबईच्याच. सरका वो बाई, येऊ द्या रेघेच्या आत."

धंद्याची अशी वाट लागत होती, तरी तुळशीराम टोपली घेऊन पायरीवर यायचा काही थांबला नाही.

इकडे खोलीचा दुसरा मालक हलाखीत होता. सायकल बंद, बैलगाडी बंद, त्यामुळे फाट्यावरच्या बसपर्यंत पायी जायचं आणि संध्याकाळी तसंच पायी यायचं. कौशल्या रॉकेल जपून वापरी, तेल थेंबानं घाली आणि भाकरी मापून वाढी. पगारात भागवायचं म्हणजे असंच, असं ती समजावून सांगे. इंद्रभानला ते पटत असे, पण त्याच्या पोटाला पटत नसे.

बाजाराच्या आदल्या दिवशी, दिवेलागणीला, मागच्या दारातून उकंडरावाची बोंब ऐकू आली. "तुळशीराम! धाव बे! मुंबई फुटली!"

रुक्मिणीबाईच्या स्वयंपाकघरात, ज्वारीच्या कणगीमागं, इंद्रभान उकिडवा बसला होता. पुढ्यात गरम भाकर, ठेचा आणि लोण्याचा गोळा. सायकल मागच्या भिंतीला टेकलेली, तिचं चाक अजून फिरत होतं.

"बाबा, भूक लागली होती," तो घास गिळत म्हणाला.

"म्याच फाट्यावर सायकल धाडून बलावलं त्याले," रुक्मिणीबाई म्हणाली. "वाळून चालला पोरगा."

"पन अट ते अट," उकंडरावानं निर्णय दिला. "मुंबईत काय कनगीमांगं मायचं घर नसते."

 कौशल्यानं खराट्यानं रांगोळी झाडली, लुगडं सोडून त्याची घडी केली आणि नाकापर्यंत पदर ओढून स्वयंपाकघरात गेली. तुळशीराम जिंकला होता. त्या रात्री त्याला एकच भाकर गेली.

सकाळी तो मळ्यातून आला आणि सवयीनं टोपली पायरीवर ठेवली. कुणाला नाव ठेवायला जागा नको म्हणून नामी वांगी वर रचलेली होती. ओसरी मात्र मोकळी होती.

"सुनेले म्हन, वांगे पाह्य," तो बायकोला म्हणाला.

"काऊन पाहीन ते? मुंबई उठली. आता तुमी सासरे, ते सून. काय सांगायचं असन ते मले सांगा."

"तिले सांग, आज एकबी किडकं नाही."

रुक्मिणीबाई आत जाऊन आली. "बरं म्हन्ते."

"बरं? बस?"

"सुनेनं सासऱ्याले याच्याहून जास्त काय म्हनाव?"

तुळशीराम हातातलं वांगं नुसतं फिरवत राहिला. सून घरात राहिली खरी, पण आपल्या वांग्याला किडकं म्हणणारी ती बाई काल रांगोळीबरोबर झाडली गेली, आणि तिच्यावाचून आपल्याला मुळीच करमत नाही, हे त्याला कळून चुकलं. त्यानं इकडंतिकडं पाहिलं आणि अंगणात मोठ्यानं आरोळी ठोकली, "वांगेऽऽ घ्या वांगे!"

"बाजार तिकडं हाय बे," उकंडराव खांबाआडून म्हणाला.

आत बांगड्या वाजल्या. कौशल्या उंबऱ्यात येऊन उभी राहिली. पदर कपाळावर होता.

"वांगे नाही पायजेत. दुसरं इचारतो. काल ह्यायले भूक लागली, तं कनगीमांगं आत्याबाई होत्या. मुंबईले एकटे गेल्यावर भूक लागली, तं तठी कोन बसलं हाय?"

तुळशीरामनं इंद्रभानकडे पाहिलं. तो बस गाठायच्या घाईत सदऱ्याची गुंडी लावत होता, तीही चुकीच्या काजात.

"आं?" तुळशीराम म्हणाला. "बराबर हाय की! खोलीत राहून दाखवलं हिनं. नापास झाला तो हा. अन् मी एकट्याले पाठवून राह्यलो यालेच!" त्यानं वांगं टोपलीत टाकलं. "जाय तूबी. पन फुकट नाही. वर्षातून चारदा गावाले याव लागन."

"चारदा? रेल्वेचं भाडं काय झाडाले लागते? एकदा येऊ."

"तीनदा. आखाजी, पोळा अन् दिवाळी."

कौशल्यानं पाठ फिरवली. दोन पावलं गेली. तुळशीरामला सगळं कळत होतं.

"बाई! ओ बाई! दोनदा. याच्या खाली परवडत नाही."

"दोनदा जमलं," ती वळून म्हणाली. "पन एकदा आमी येऊ, अन् एकदा तुमी अन् आत्याबाई तठी या. आहे कबूल, मामाजी?"

आजवर त्याला भाजीवाला समजून ती त्याच्याशी खूप बोलली होती. सासरा समजून आज पहिल्यांदा बोलली. तुळशीरामनं पायरीवरची टोपली उचलली. "हाव, कबूल," एवढंच तो म्हणाला आणि टोपली डोक्यावर घेऊन बाजाराच्या वाटेला लागला.

"मले कोनी इचारन का?" इंद्रभान मागून म्हणाला. कुणी विचारलं नाही.

ओढ्याशी आल्यावर तुळशीरामच्या डोक्यात हिशेब उतरला. आपण चार खेपा मागितल्या, पदरात पडली एक. आणि दुसऱ्या खेपेच्या गाडीभाड्याला खिसा आपलाच. त्यानं डोक्यावरची टोपली खाली ठेवली. बाजारात उभं आयुष्य काढून त्याला इतकं सफाईनं कुणी लुटलं नव्हतं, आणि लुटलं गेल्याचा इतका आनंदही कधी झाला नव्हता. मग बाजार राहिला बाजूला आणि शेगावहून मुंबईची गाडी केव्हा सुटते हे उकंडरावाला विचारायला तो माघारी फिरला.