नरहरपंत वकील जिवंत असल्याची हकीकत

शके अठराशे पंच्याऐंशी, मार्गशीर्ष मास, वार मंगळवार, ते दिवशी दारव्ह्याच्या मोटारअड्ड्यावर जो रणसंग्राम जाहला त्याचे वर्तमान जैसे घडले तैसे लिहिले असे. लेखणीकडून कमीजास्त जाहले असल्यास जाणत्यांनी पदरात घ्यावे.

राजमान्य राजश्री नरहरपंत वकील हे कायद्याचे परम भक्त, स्वभावे भिडस्त, बोलणे थोडे आणि वाचणे फार. दंडकच होता की वकिलाने पक्षकारास हाक मारू नये, दलाल ठेवू नये, आपली वाखाणणी आपण करू नये. तो पंतांनी शिरसावंद्य केला, आणि मग शंका आली की दारावरची पाटी हीदेखील हाकच, म्हणून पाटी उतरविली, आणि मग शंका आली की काळा कोट घालून रस्त्याने जाणे हीही वाखाणणीच, म्हणून कोट पिशवीतून नेऊ लागले. परिणामी मुलूख हातचा गेला आणि तीन महिने एक पक्षकार दृष्टीस पडेना.

उलटपक्षी भगवंतराव वकील मोठे मातबर सरदार. त्यांचा दलाल, सरलष्कर उकंडा, पानठेल्यापाशी छावणी देऊन असे. त्याचा डाव असा की, खेडेकरी मोटारीतून उतरताच कागदांची पिशवी आदबीने त्याच्या हातून काढून घ्यावी. मग ज्याच्या काखेत पिशवी, त्याच्यामागे पक्षकार मुकाट चालू लागे.

ते दिवशी दहाचे सुमारास बोरी अरबची मोटार आली आणि तीतून शकुबाई नामे विधवा उतरली. शेजारच्या बळीरामाने तिचा धुरा, म्हणजे शेताचा बांध, नांगरून रानाचा पट्टा घशात घातला होता आणि वर दावाही तिच्यावरच लावला होता. अकरा वाजता लेखी जबाब दाखल न जाहल्यास एकतर्फी निकाल होऊन पट्टा जाणार, हे ठरलेले होते. गावच्या शाळेतील देवराव मास्तरांनी तिला बजाविले होते की, वकील करणे तर नरहरपंतच करावे.

ती उतरताच उकंड्याने पिशवी काबीज केली.

"कोन्या वकिलाकडं जातं, मावशी?"

"नरहर वकील कुठी बसते गा?"

"थे? थे तं मागल्या महिन्यात वारले. चाल, आमचे भगवंतराव लय मोठे वकील हायेत."

खासे नरहरपंत कचेरीच्या वाटेवर तेथेच दहा पावलांवर उभे होते. आपल्या निधनाची खबर ऐकून त्यांनी तोंड उघडले आणि मग मिटले. 'मी जिवंत आहे' असे पक्षकारासमोर म्हणणे ही आपली जाहिरात होते की नाही, हा पेच पडला. उभ्या उभ्या कायद्याचे पुस्तक काढून चाळिले, परंतु वकिलाच्या जिवंतपणाचे कलम सापडेना. इकडे घड्याळ पुढे जात होते.

तो शकुबाईने पदर डोक्यावर घेतला. "मंग पयले त्यायच्या बायकोले भेटून येते."

"कायले? अकराले कोर्ट हाय."

"कोर्ट कुठी पळून राह्यलं? इतक्या दूर आली अन् दुखवट्याले नाही गेली, तं मास्तरले काय तोंड दावू? चाल, घर दाव. तुह्या घरी काय कोनी मरनार नाही?"

हा मारा अचूक बैसला. दुखवट्यास निघालेल्या बाईस अडवील असा शिपाई वऱ्हाडात निपजला नाही. मग पुढे पिशवी घेऊन उकंडा, मागे शकुबाई, आणि तिच्यामागे दहा पावले राखून खुद्द मयत, अशी स्वारी चालली. कारण आपल्या घरी जाण्यास कोणतेही कलम आड येत नव्हते.

सौभाग्यवती कुंदाबाई ओट्यावर तूर निवडीत होत्या. शकुबाईने त्यांच्या गळ्यात पडून हंबरडा फोडिला. "कसं झालं व माय? मास्तर तं म्हने, चांगले धडधाकट हायेत."

"कोण गेलं, बाई?"

"तुमचे मालक."

"हे? हे काय फाटकात उभे आहेत. आत यायला यांना कोणी सांगावं लागतं."

शकुबाईने आधी कुंदाबाईंचे कुंकू पाहिले, मग फाटक पाहिले, आणि मग उकंड्याकडे अशी नजर टाकिली की सरलष्कर पिशवी ओट्यावर टाकून जे निघाले ते पानठेल्यापावेतो मागे वळले नाहीत.

तरीही पंत पुढे सरकेनात. फाटकातूनच त्यांनी पृच्छा केली की, आपणांस येथे येण्याविषयी कोणी सांगितले, बोलाविले किंवा आणिले काय?

"बलावनं कोन धाडन, बाप्पा? मी तं तुमच्या मयतीले आली."

तेव्हा पंतांची खात्री पटली आणि त्यांनी कोट चढविला. शकुबाईचा अंगठा वकीलपत्रावर उमटला, जबाब एका बैठकीत लिहिला, आणि उभयता धावत कचेरीत पोहोचले तो अकरा वाजून अकरा मिनिटे जाहली होती. विलंबाचे कारण लेखी देणे भाग होते. खोटे लिहिणे पंतांस ठाऊक नव्हते. त्यांनी अर्ज केला की, पक्षकार आपल्या वकिलाच्या दुखवट्यास गेली असल्याकारणाने उशीर जाहला, तो माफ व्हावा.

न्यायाधीशांनी अर्ज वाचिला, चष्म्यावरून वकिलाकडे पाहिले, अर्ज पुन्हा वाचिला, वकिलाकडे पुन्हा पाहिले, आणि जबाब दाखल करून घेतला. शेरा मारिला तो असा: कारण सबळ आहे. विलंब माफ. वकील समक्ष हजर. येणेप्रमाणे शकुबाईचा धुरा एकतर्फी निकालापासून रक्षिला जाऊन नरहरपंतांची फत्ते जाहली, आणि ते हयात असल्याचे सरकारदप्तरी नमूद जाहले.