कागदावर दोन, मातीत एक

खानापुरे अण्णा रस्त्याने चालताना कधीही समोर बघत नाहीत. त्यांची नजर सदैव जमिनीवर असते. गटारांची झाकणं, फुटपाथच्या फरश्यांमधल्या फटी, नुकतेच बुजवलेले चर. मध्येच ते थांबतात, चपलेच्या टोकाने थोडी माती उकरतात, समोरच्या खांबाकडे संशयाने बघतात आणि पुढे निघतात.

मी पुण्याहून बंगळूरला नोकरीला आले त्याच आठवड्यात हे गृहस्थ मला इंदिरानगरात, आमच्या ऑफिससमोरच्या फुटपाथवर ओणवे झालेले दिसले. काहीतरी हरवलं असेल म्हणून मीही वाकले.

"काय शोधताय काका?"

"दुसरी केबल," ते वर न बघताच म्हणाले. "पहिली सापडली की."

मी मनातल्या मनात या माणसाचं वर्गीकरण करून टाकलं आणि लिफ्ट गाठली. तासाभराने साहेबांनी ओळख करून दिली, "हे खानापुरे अण्णा. आपलं सगळं यांच्या जिवावर चालतं." पुणेकर असल्यामुळे मी असल्या वाक्यांवर सहसा विश्वास ठेवत नाही. तेव्हाही ठेवला नाही.

आमच्या कंपनीचा धंदा सांगायला सोपा आहे. बँका, कारखाने, दवाखाने यांना आपलं नेटवर्क स्वतः सांभाळायचं नसतं, ते आम्ही सांभाळतो. मी गिऱ्हाइकांशी गोड बोलते आणि अण्णा त्यांच्या लाइनी चालू ठेवतात. प्रत्येक गिऱ्हाइकाकडे आम्ही दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या लाइनी नेतो, म्हणजे एक तुटली तरी दुसरीवर काम चालू राहतं. नकाशावर एक निळी रेघ, एक तांबडी रेघ. गिऱ्हाईक खूश, मीही खूश.

अण्णा मात्र नकाशा बघून खूश होत नाहीत. ते मूळचे निपाणीकडचे, पण त्यांचा सगळा जन्म बंगळुरात गेलाय, त्यामुळे त्यांच्या मराठीला दोन्हीकडचा वास आहे. "कागदावर दोन, मातीत एक," हे त्यांचं ब्रीदवाक्य. एका कंपनीने चर खणला की दुसरी कंपनी कशाला वेगळा खणतेय? गुपचूप त्याच चरात आपली केबल सोडते. नकाशावर रेघा वेगळ्याच राहतात. मग एक दिवस खोदाईचं मशीन येतं आणि एकाच घासात दोन्ही गिळतं.

"म्हणून चालून बघायचं ओ," अण्णा म्हणतात. "चालल्याशिवाय होय म्हणू नये."

आणि ते खरंच चालतात. बोम्मसंद्र्याला औषधांचा एक कारखाना आमचं गिऱ्हाईक झाला, तेव्हा मी हारतुरे आणि सामोसे घेऊन गेले होते. अण्णांनी सामोशाला हातही लावला नाही. कारखान्याच्या मॅनेजरला भर उन्हात बाहेर काढलं आणि होसूर रोडच्या कडेने, बाभळीतून, राडारोड्यातून चालवत नेलं. त्याच्या बुटांचा रंग बदलला. रस्त्याखालच्या एका मोरीपाशी अण्णा थांबले, पालथे झाले आणि आत डोकं घालून ओरडले, "सापडलं! दोघंबी इथंच झोपल्यात बघा, एका अंथरुणावर!"

मॅनेजर माझ्याकडे बघत होता. मी बाभळीकडे बघत होते.

अण्णांनी हट्ट धरून एक लाइन कारखान्याच्या मागच्या बाजूने आणायला लावली. मॅनेजर चिडला, साहेब कुरकुरले आणि मी सगळ्यांची माफी मागत फिरले. पुढे काही महिन्यांनी त्याच मोरीचं काम निघालं. मी नेमकी त्या दिवशी तिकडे गेले होते. मशीनने मोरी उखडून टाकली होती, केबलीच्या चिंध्या मातीतून बाहेर लोंबत होत्या आणि आत कारखाना निवांत चालू होता. गोळ्यांची पाकिटं पट्ट्यावरून सरकत होती. मॅनेजर चहा पीत होता. काही घडलंय हे त्याला माहीतच नव्हतं. त्या चिंध्यांसमोर मी किती वेळ उभी होते कोण जाणे. देवळात उभं राहिल्यासारखं वाटत होतं, आणि हे मी उगाच कौतुक म्हणून सांगत नाही, आमच्याकडे ती पद्धत नाही. अण्णांना फोन करून सांगितलं तर ते म्हणाले, "सरी सरी," म्हणजे बरं बरं, "जेवलाय काय तुम्ही?"

आता अक्कांबद्दल सांगायला हवं, कारण अण्णांच्या टेबलावर त्या दिवसभर असतात. म्हणजे त्यांचा आवाज असतो. सुशीलाअक्का अण्णांच्या पत्नी. काही वर्षांपूर्वी त्यांची नजर गेली. मुलंबाळं नाहीत, चिकपेटमध्ये साड्यांच्या दुकानावर दोन खोल्यांचं जुनं घर. नजर गेल्यानंतर एकदा त्या न्हाणीघरात घसरून पडल्या, आणि त्या वेळी अण्णा कुठल्याशा बँकेची लाइन जोडत बसले होते. घरी गेल्यावर त्यांना कळलं. त्या दिवसापासून सकाळी ऑफिसात आल्या आल्या अण्णा घरी फोन जोडतात, तो निघेपर्यंत बंद होत नाही. तिकडे खोलीत एक छोटा स्पीकर, इकडे टेबलावर एक. घरालाही अर्थातच दोन कंपन्यांच्या लाइनी. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर आमच्या शेकडो गिऱ्हाइकांचे हिरवे ठिपके चमकत असतात, त्यात कोपऱ्यात दोन ठिपके अक्कांचे आहेत. साहेबांना हे माहीत आहे. कुणी काही बोलत नाही.

त्यामुळे आमच्या प्रत्येक बैठकीला अक्का हजर. मध्येच स्पीकरमधून आवाज येतो, "त्या पोराला स्वल्प हळू बोलायला सांगा हो, काय ट्रेन चुकालीय काय त्याची?" दिल्लीच्या एका गिऱ्हाइकाने मला हळूच विचारलं होतं, ह्या बाई तुमच्या संचालक मंडळावर आहेत का? मी हो म्हणून सांगितलं. अण्णा काम करता करता बोलत असतात, "सुशी, म्हैसूरचा राउटर आज परत रुसलाय," आणि पलीकडून "हं" येतं. तो "हं" आला नाही की अण्णांची बोटं थांबतात.

मग आली ती सोमवारची सकाळ. नवीन गिऱ्हाईक समोर बसलेलं. अण्णा रंगात येऊन "कागदावर दोन" समजावत होते. "काय गं सुशी, खरं की नाही?" त्यांनी सवयीने विचारलं.

स्पीकर गप्प. अण्णांनी मान वळवून भिंतीकडे बघितलं. कोपऱ्यातले दोन्ही ठिपके लाल झाले होते.

त्यांनी मोबाइल लावला. बेल जात राहिली, अक्कांनी उचलला नाही. खालच्या साडीवाल्याला लावला, तो गिऱ्हाइकांत गुंतलेला, "नोडतीनि सर," म्हणजे बघतो म्हणाला आणि ठेवून दिला. अण्णा उठले आणि पिशवी, डबा, गिऱ्हाईक सगळं तिथंच टाकून चालू लागले. मी मागून धावले. पंधरा वर्षांची सवय असलेल्या त्या माणसाने त्या दिवशी रस्त्यावर एकदाही खाली बघितलं नाही. दोनदा ठेचकाळले. रिक्षावाल्याने ट्रॅफिकचं नाव काढताच आम्ही मेट्रो पकडली. मॅजेस्टिकला गाडी बदलताना ते एवढंच म्हणाले, "दोन्ही एकदम कशा गेल्या ओ? दोन्ही एकदम जाऊ शकत नाहीत."

चिकपेटच्या गर्दीतून साड्यांचे गठ्ठे चुकवत आम्ही घराशी पोचलो. घराच्या भिंतीला परांची लावली होती. एक गवंडी जुनं प्लास्टर फोडत होता, आणि त्याच्या छिन्नीशेजारी भिंतीतल्या एका भोकातून दोन तुटक्या वायरी लोंबत होत्या. निळी आणि पांढरी. दोन कंपन्या, दोन लाइनी, भोक एकच.

अख्ख्या शहराच्या केबली पायाने तपासणाऱ्या माणसाने स्वतःच्या घराची भिंत तपासली नव्हती. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "लाइनी घेतल्या तेव्हा नवा रंग दिला होता ओ. सुशी म्हणाली, भिंतीला दोन-दोन भोकं पाडू नका. मी म्हटलं, सरी."

जिना चढून वर गेलो, तर अक्का गॅलरीत बसल्या होत्या, मांडीवर सूप घेऊन अवरेकाळू सोलत. आपल्याकडचे पावटे म्हणा. मोबाइल आत स्वयंपाकघरात चार्जिंगला. अण्णांनी त्यांना दारातूनच डोळे भरून पाहिलं, वळले आणि गवंड्याशी भांडायला खाली गेले. मला वाटतं, त्यांना रडू आवरायचं होतं.

मी अक्कांजवळ बसले. "लाइन तुटली होती अक्का. अण्णा फार घाबरले."

"ठाऊक हाय. गवंड्याचा पोरगा वर येऊन सांगून गेला, वायर कट आयतु अम्मा म्हणून." त्यांची बोटं शेंगांवरून झरझर चालली होती. "मीच म्हटलं, राहू दे, सावकाश जोडतील. केवढं शांत वाटालंय बघा आज. तुमच्या ऑफिसचं दिवसभर ऐकून डोकं उठतंय माझं."

"मग तुम्ही ते बंद का करायला सांगत नाही?"

अक्कांची बोटं थांबली.

"मला काय कमी हाय, बाई? खालच्या साडीवाल्याची बायको येतीय, वरची गौडांची सून येतीय. घर मला पाठ हाय. पण ह्यांना कोण हाय? सगळं बिघडलं की सगळ्यांना हे आठवतात. सगळं चालू असताना तुमच्यापैकी एकानं तरी ह्यांना फोन लावलाय काय, कसं काय अण्णा, बरं हाय न्हवं, म्हणून?"

मी रोज पन्नास जणांशी गोड बोलते. मी सुपातली एक शेंग उचलली आणि सोलायला लागले.

जिन्यात पावलं वाजली. अण्णा आले. तोंड धुतलेलं, शर्टाची कॉलर ओली. अक्कांच्या खुर्चीपाशी ते जमिनीवरच बसले.

"घाबरली नाहीस न्हवं, सुशी?"

अक्कांनी हातातली शेंग सुपात ठेवली, चाचपडत त्यांचं डोकं शोधलं आणि त्यावर हात ठेवला.

"घाबरले की हो," त्या म्हणाल्या. "लई घाबरले. बरं झालं तुम्ही आलात."