लाजेचा भत्ता

माणसं स्वतःच्या वजनाबद्दल धादांत खोटं बोलतात, असं आमच्या जावईबापूंचं ठाम मत होतं आणि या एका मतावर त्यांनी अख्खा धंदा उभा केला होता!

धंदा पॅडलबोर्डचा. पाण्यावर लांबलचक फळी सोडायची, तिच्यावर उभं राहायचं आणि हातातल्या वल्ह्यानं पुढे सरकायचं, तीच ती फळी. जावईबापू तिचा आकार संगणकावर काढत. लांबी, रुंदी, जाडी भरली की सॉफ्टवेअर सांगायचं, फळी इतक्या लिटरची झाली. लिटर जितके जास्त, तितकं जास्त ओझं ती तरंगवणार. म्हणजे सगळं अडतं कुठे? उभं राहणाऱ्याच्या वजनावर! आणि नेमके तिथेच लोक थापा मारतात.

म्हणून गिऱ्हाईक सांगेल त्या आकड्यात जावईबापू गुपचूप आठ किलो मिळवत. "हल्लीच बरंच कमी केलंय हो," असं कोणी म्हणालं, तर बारा. याला ते लाजेचा भत्ता म्हणत.

"माणूस मला फसवेल, माझ्या फळीला नाही!" असं ते बायकोला ऐकवत आणि बायको ऐकून घेई.

घर तिच्याच पगारावर चाललं होतं. जावईबापू पक्की नोकरी सोडून बसले होते. आता तलावावरच्या क्लबला नव्या फळ्या हव्या होत्या आणि क्लबच्या सेक्रेटरीबाई रविवारी दोन नमुने बघणार होत्या. पसंत पडले तर ठीक, नाहीतर जुन्या कचेरीत जाऊन मान खाली घालून खुर्ची परत मागायची, असं नवरा-बायकोत ठरलं होतं.

एक नमुना नवख्या माणसासाठी हवा होता. त्यावर उभं राहायला सासरे आपणहून तयार झाले. सासरे म्हणजे वजनमापे खात्यातले निवृत्त निरीक्षक. हयात दुकानदारांचे काटे तपासण्यात गेलेली.

"वजन किती, बाबा?"

"एकोणऐंशी किलो, चारशे ग्रॅम. चपला काढून."

ग्रॅम ऐकले आणि जावईबापूंचे कान टवकारले. खरं बोलणारा माणूस कधी ग्रॅम सांगतो? त्यांनी सरळ वीस किलोंचा भत्ता लावला.

"अरे, माझे बाबा वजन चुकीचं सांगतील?" बायको त्यांच्याच पँटचं तुटलेलं बटण शिवत होती.

"अगं, काटा कसा मारतात हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार?"

दुसरी फळी स्वतःसाठी. ती सडपातळ, चपळ, सुरीसारखी. लिटर अगदी मोजके!

"आणि तुझं वजन किती धरलंस?"

"चौसष्ट."

"ते लग्नातलं झालं. भत्ता?"

"भत्ता लाजणाऱ्यांना! मला कसली लाज?"

बायकोनं दोरा दातानं तोडला आणि पँट घडी करून ठेवली.

रविवारी सासऱ्यांची फळी पाण्यात उतरली ती डबलबेडच्या थाटात. सासरे वर चढले, ताठ उभे राहिले. फळी हलली नाही की डुलली नाही.

"वा! फारच स्थिर आहे हो," सेक्रेटरीबाई म्हणाल्या. जावईबापूंची छाती दोन इंच फुगली.

तेवढ्यात वारा सुटला. भत्त्यामुळे फळी पाण्यात थोडी बुडायच्या ऐवजी पाण्यावर नुसती बसली होती. वाऱ्यानं तिला ढकलायला सुरुवात केली. सासऱ्यांचं वल्हं पाण्याला जेमतेम टेकत होतं, खिडकीतून खालचं अंगण झाडावं तसं! बघता बघता ते तलावाच्या मध्यावर पोचले.

"जावईबापू! ही थांबते कशी?"

"आलोच, बाबा!"

जावईबापूंनी धक्क्यावरून ऐटीत स्वतःच्या फळीवर पाऊल ठेवलं आणि दोन-चार जोरदार हात मारले. फळी पुढे गेली. मग खाली गेली. आवाज नाही, धडपड नाही, अगदी सुसंस्कृतपणे बुडाली! पाणी घोट्यांवर आलं, पोटऱ्यांवर आलं, गुडघ्यांशी येऊन थबकलं. जावईबापू तरी वल्हवतच होते.

"अहो, तुमची फळी कुठे गेली?" सेक्रेटरीबाईंनी ओरडून विचारलं.

"पायाखालीच आहे!"

"वर येणार आहे का?"

"मी उतरलो की येईल!"

आणि ते उतरले. म्हणजे आडवे झाले. फळी टुणकन वर आली.

शेवटी क्लबच्या होडीनं दोघांना गोळा करून आणलं. सासरे कोरडे ठणठणीत, जावईबापू निथळत.

"मी सांगितलेलं वजन घातलंत?" सासऱ्यांनी विचारलं.

"थोडं वाढवून..."

"किती?"

"वीस किलो."

सासरे रागावले असते तर परवडलं असतं. "उभ्या नोकरीत माझ्या आकड्याला कोणी खोटं म्हटलं नाही हो," ते हळूच म्हणाले. "आणि स्वतःचं किती वाढवलंत?"

जावईबापूंना वाटलं, मघाशी तळाशीच राहायला हवं होतं. शरमेनं त्यांचे कान लाल झाले. बायको शेजारी उभी होती आणि तिच्याकडे बघायची त्यांची छाती होईना.

"काहीच नाही," ते पुटपुटले. "चुकलो, बाबा."

सेक्रेटरीबाई दोन्ही फळ्या न्याहाळत होत्या. "आकाराचं काम चांगलंय तुमचं," त्या म्हणाल्या. "पण खोट्या वजनांवर मी क्लबची माणसं पाण्यात सोडणार नाही. पुढच्या रविवारी खऱ्या वजनांच्या फळ्या आणा, मग बोलू. आमच्या गोदामात काटा आहे. वजनं आत्ताच करून टाका."

काटा आधी सासऱ्यांनी तपासला. वाकून शून्य पाहिलं, बोटानं काटा दाबून सोडला, पुन्हा शून्य पाहिलं. मग स्वतः चढले. एकोणऐंशी किलो, चारशे ग्रॅम! ते उतरले आणि बाजूला उभे राहिले.

"या, जावईबापू."

"कपडे ओले आहेत, बाबा. पाण्याचंच वजन भरेल."

बायकोनं पिशवीतून कोरडे कपडे काढून दिले. ते बदलून आले. मग त्यांनी घड्याळ काढून तिच्या हातात दिलं. किल्ल्या दिल्या. चष्माही दिला. सेक्रेटरीबाई भिंतीकडे बघत हसू दाबत होत्या. अखेर जावईबापूंनी पोट आत ओढलं, डोळे मिटले आणि काट्यावर चढताना तोल जाऊ नये म्हणून सासऱ्यांच्या खांद्याचा अगदी हलकासा आधार घेतला.

"खांदा सोडा, जावईबापू," सासरे म्हणाले.