शिळी शांतता

"बाकी काय हवं ते काढ, पण ही एक ओळ ठेव," निवृत्त होताना ऑफिसातले काका बजावून गेले होते. ती हसली होती. बारा वर्षं अ‍ॅपच्या या कोडवर फणा काढून बसलेला माणूस. त्यांना प्रत्येक ओळ पोटच्या पोरीसारखीच वाटणार!

बाळाच्या खोलीतला आवाज आईच्या मोबाइलवर पोचवणारं ते अ‍ॅप. आत येणारा आवाज क्षणभर साठवायला एक बफर, बाहेर सोडायचा साठवायला दुसरा, आणि मध्ये सगळी काकांची ठिगळं. आठवडाभर खपून तिने ते घासूनपुसून लख्ख केलं, ती ओळही उडवली आणि सकाळी नवी आवृत्ती गिऱ्हाइकांना धाडून दिली. दुपारी एक मोबाइल आपल्या लेकीच्या पाळण्याशी ठेवला, दुसरा माडीवर स्वतःच्या टेबलावर.

दोन वाजता टेबलावरून रडण्याचा आवाज आला. ती धावली. लेक गाढ झोपेत! पण दार करकरलं आणि लेकीने भोकाड पसरलं. थोपटण्यात वीस मिनिटं गेली. मग ती चवड्यांवर चालत परतली. मोबाइल चिडीचूप. "सुटले," म्हणत तिने गार चहा तोंडाला लावला.

दहा मिनिटांत सासूबाई दारात. कडेवर लेक, रडून लालबुंद.

"अगं, केव्हाची रडतेय ही! कानात बोळे घातलेस का?"

"काहीतरीच काय, आई! झोपलीय ती. हा मोबाइल ऐका ना," ती मान वर न करताच म्हणाली.

"झोपलीय? मग ही कोण, शेजाऱ्यांची?"

तेवढ्यात मोबाइलमध्ये दार करकरलं. मग भोकाड. मग तिचाच आवाज, "झोप गं राणी, गप झोप. आजी उठली ना, तर माझीच शाळा घेईल."

कडेवरची लेकसुद्धा मोबाइलकडे वळून बघायला लागली.

"हे कधीचं?" सासूबाईंनी शांतपणे विचारलं.

"अर्ध्या तासापूर्वीचं. वीस मिनिटं थोपटत होते," ती पुटपुटली. नेट अडखळलं की साचलेला जुना आवाज फेकून द्यायचा, एवढंच काम ती ओळ बिचारी करत होती. आता काहीच फेकलं जात नव्हतं. सगळं रांगेत उभं राहून सावकाश येत होतं. दोन वाजता ऐकलेलं रडणंही तसंच शिळं.

सासूबाईंनी खुर्ची ओढली. "अजून वीस मिनिटं आहेत ना? ऐकूनच जाते."

तिने ओळ जागेवर घातली. पण दुरुस्ती घरोघरी पोचायला संध्याकाळ होणार. तेव्हा बाई, तुमच्या मोबाइलवर या अ‍ॅपमधून बाळ अगदी शांत झोपलेलं ऐकू येत असेल, तर हे वाचणं ठेवा आणि आधी आत जाऊन बघून या.